चमकुऱ्याला सावली मानवते, कोरडी झळ मानवत नाही

परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आमचं घर गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात आहे. घराच्या उत्तरेला सात-आठ फूट रुंदीचा लांबट बोळ आहे. एका अंगाला आमची भिंत, दुसऱ्या अंगाला भावकीचं दोन मजली घर. तिथं ऊन नसतं, म्हणून आजवर काही लावलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, चमकुरा, म्हणजे अळू, लाव, त्याला सावलीच लागते. न्हाणीचं पाणीही तिकडंच उतरतं. मागच्या आषाढात गड्डे लावले. महालक्ष्म्यांच्या वड्यांसाठी पानं हवी होती, तेव्हा तळहाताएवढी तीन-चार मिळाली. दसऱ्यापर्यंत मात्र बरा वाढला. मग होळीच्या सुमारास पानांच्या कडा करपल्या, नवी पानं पिवळट निघाली आणि मे महिन्यात रोज दोन घागरी बोअरचं पाणी घालूनही सगळं वाळून गेलं. जागा सावलीची, पाणीही भरपूर, मग कुठं बिघडलं? पुन्हा लावावा की नाद सोडावा?
एक वाचक भगिनी, ता. गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : नाद सोडू नका ताई. आधी खुरपं घेऊन त्या जागी जा आणि चार बोटं माती उकरा. गड्डा हाताला टणक लागला तर तुमचा चमकुरा जिवंत आहे, फक्त झोपला आहे. मऊ पडला असेल, आंबूस वास येत असेल तर तेवढाच काढून टाका. पानं वाळली म्हणजे झाड मेलं, हा हिशेब तुरीला लागतो, चमकुऱ्याला लागत नाही. याचं खरं झाड जमिनीखाली असतं आणि पानं येऊन-जाऊन असतात.

आता सावलीचं. तुमच्या बोळात ऊन नसतं असं तुम्ही लिहिलंय, ते दिवाळी ते संक्रांतीपर्यंत अगदी खरं आहे. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडून फिरतो आणि तुमचंच घर बोळावर सावली धरतं. पण आपला परभणी-बीडचा मुलूख साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीचीही सावली पडत नाही. तिथून पुढं जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात उत्तरेची बाजू सावलीची राहत नाही. त्यातून तुमचा बोळ पूर्व-पश्चिम लांब. मे महिन्यात दुपारी तीननंतरचं ऊन पश्चिमेच्या उघड्या तोंडातून आत शिरतं आणि बोळभर सरळ पसरतं. दोन्ही भिंती असून नसल्यासारख्या होतात. त्याच तोंडातून गरम वाराही येतो. एखाद्या दुपारी चारला तिथं उभ्या राहून बघा.

चमकुऱ्याच्या कडा करपतात त्या या झळीनं. एवढं मोठं पान दिवसभर पाणी उडवत असतं. कोकणात हवाच ओली असते, त्यामुळं पानातून जाणारं पाणी आणि मुळातून येणारं पाणी यांचा मेळ बसतो. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४२-४३ वर आणि हवा पार सुकलेली. मुळं ओल्या मातीत असली तरी पानाच्या टोकापर्यंत पाणी वेळेत पोचत नाही, म्हणून टोक आणि कडा आधी जातात. अशा वेळी घागरी वाढवून उपयोग होत नाही, वारा अडवावा लागतो. बोळाच्या पश्चिम तोंडाशी तुराट्यांचा कूड उभा करा, पुरुषभर उंच. पऱ्हाटीचाही चालेल, पण तुराट्यांचा दाट बसतो. पूर्वेचं तोंड उघडं ठेवा, कारण सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन चमकुऱ्याला पाहिजेच. पूर्ण अंधारात देठ लांब आणि बारीक होतात, पान लहान राहतं. महालक्ष्म्यांना तुमची पानं तळहाताएवढीच होती त्यामागं हेही कारण असणार, आणि दुसरं कारण उशिरा लागवड. त्याकडं येतेच.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती न्हाणीच्या पाण्याची. न्हाणीच्या उताराला चमकुरा लावायची आपली रीत जुनी आहे आणि चांगली आहे. ती रीत पडली तेव्हा न्हाणीत शिकेकाई, रिठा आणि डाळीचं पीठ असायचं. आज तिथं कपड्यांची पावडर जाते. पावडरीत सोडा भरपूर असतो आणि सोड्यातलं सोडियम काळ्या मातीचा घात करतं. मातीचे कण एकमेकांना सोडतात, ओली असताना नुसता चिकट गारा होतो आणि वाळली की दगड. पाणी वरच थांबतं, खाली मुरत नाही. तुमच्या दोन घागरी वरचा दोन बोटांचा थर भिजवून वाफ होऊन गेल्या असतील आणि खाली मुळं कोरडी राहिली असतील. मातीवर पांढरा खार दिसतो का ते बघा. दिसला तर हेच कारण समजा.

उपाय अवघड नाही. कपड्यांचं पहिलं, फेसाचं पाणी बोळाकडं जाऊ देऊ नका. शेवटचं खळबळलेलं पाणी चालतं. अंघोळीचं चालतं, पण मधूनमधून साधं पाणीही मिळू द्या. डाळ-तांदूळ धुतलेलं आणि भाज्या धुतलेलं पाणी सगळ्यात उत्तम. संडासाच्या टाकीचा किंवा गटाराचा पाझर त्या बाजूला असेल तर मात्र तिथली पानं स्वयंपाकात घेऊ नका, मग ती कितीही हिरवीगार असोत. आजपर्यंत जो सोडा मातीत गेला आहे त्यासाठी कृषी केंद्रातून जिप्सम आणा, दर चौरस मीटरला अर्धा किलो मातीत मिसळा आणि पावसाचं पाणी त्यावरून मुरू द्या. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांत बराच फरक पडतो. कूलरचं उरलेलं पाणी काही घरांत झाडांना टाकतात, तेही टाळा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि बोअरचे सगळे क्षार टाकीत साचत जातात.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसत होती का? तुम्ही ते लिहिलं नाही, पण आपल्या चुनखडीच्या मातीत असंच होतं. जमिनीत लोह असतं, पण चुन्यामुळं ते मुळांना घेता येत नाही. वरून बोअरचं जड पाणी. शिवाय बोळ दोन भिंतींमधला आहे, बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचा चुरा तिथंच पुरलेला असण्याची शक्यता मोठी. खणताना तो निघाला तर उचलून बाहेर टाका आणि गड्डे भिंतीपासून फूटभर लांब लावा. या पिवळेपणावर हिराकस, म्हणजे लोहाचं मीठ, देतात, फवारूनही देतात. पण चमकुऱ्याच्या पानावर पाणी ठरत नाही हे आपण सगळेच जाणतो, फवारणी मोती होऊन खाली ओघळते. म्हणून हिराकस शेणखतात घालावी. घमेलंभर चांगल्या कुजलेल्या शेणखतात दोन चमचे हिराकस कालवा, ओलसर करून आठवडाभर सावलीत ठेवा आणि मग झाडांच्या बुडाशी द्या. नुसती हिराकस मातीत टाकली तर चुना तिला लगेच बांधून टाकतो, शेणखतात मुरवलेली टिकते. बाहेरचं जुनं पान पिवळं पडून लोळलं तर घाबरू नका, नवीन पान आलं की जुनं जाणारच. एका झाडावर एका वेळी पाच-सहा पानं म्हणजे झाड ठीक आहे.

आता वाफा. काळी माती पाणी धरते, पण उन्हाळ्यात भेगाळते आणि भेग पडली की चमकुऱ्याची वरवरची मुळं तुटतात. म्हणून दीड फूट खोल चर खणा. निघालेल्या मातीत तिच्या निम्म्यानं शेणखत आणि कुजका पालापाचोळा मिसळा, थोडी वाळू मिळाली तर घाला आणि चर भरताना तो आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खालीच ठेवा, म्हणजे पाणी धरून राहील. गड्डे लिंबाएवढे, डोळा शाबूत असलेले घ्या. दोन गड्ड्यांत दीड-दोन फूट अंतर. डोळा वर करून तीन बोटं खोल. वरून सोयाबीनचं भुसकट वीतभर जाडीचं पसरा. भुसकट आपल्याकडं ढिगानं असतं आणि काही जण ते पेटवून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्या भुसकटाखाली काळी माती भेगाळत नाही, गांडुळं वर येतात आणि पाणी निम्म्यावर येतं.

वाफा ओला राहावा, पण त्यात पाणी उभं राहू नये. तापलेल्या साचलेल्या पाण्यात गड्डा सडतो. आणि डासांचाही विचार करावा लागतो, डेंग्यूच्या डासाला स्वच्छ साचलेलं पाणीच आवडतं. चमकुऱ्याच्या देठांच्या बेचक्यातही पाणी साठतं. पाऊस उघडला की देठ हलवून ते सांडून टाकायची लेकरांना सवय लावा.

लागवडीचा दिवस सांगते, कारण तुम्हाला महालक्ष्म्यांना पानं हवीत. गड्डा लावल्यापासून वडीजोगं पान यायला दोन-अडीच महिने लागतात. आषाढात लावून भाद्रपदात पान मिळत नाही. मे महिन्याच्या शेवटी गड्डे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात सावलीला ठेवा, आठ-दहा दिवसांत कोंब फुटतो. मृग निघाला आणि जमीन एकदा चांगली भिजली की कोंब आलेले गड्डेच लावा. महालक्ष्म्या ऑगस्टच्या शेवटी येवोत की सप्टेंबरात, ताटात वड्या असतील. मृग लागून गेला असेल तर गड्डे आजच ओल्या गोणपाटात गुंडाळा.

वडीसाठी काळ्या देठाचा चमकुरा लावा, पातळ भाजीला हिरव्या देठाचा चालतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं खास पानांसाठी 'कोकण हरितपर्णी' नावाची जात काढली आहे. मिळाली तर थोडी लावून बघा, पण गावात कुणाच्या आडाशेजारी वर्षानुवर्षं टिकून असलेला चमकुरा असेल तर माझी पसंती त्याला राहील. ज्या झाडानं आपले उन्हाळे काढलेत त्याच्या गड्ड्यावर माझा जास्त भरवसा आहे. काढणी करताना बाहेरची पानं घ्या, मधली दोन आणि गुंडाळलेलं कोवळं पान कधीही तोडू नका. कापल्यावर शेणाची पातळ रबडी बुडाशी द्या. पानांचं पीक आहे, त्याला नत्र लागतो.

आता तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट : मे महिन्यातल्या रोजच्या दोन घागरी. ताई, त्या घालू नका. मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. तुमचा तालुका गोदावरीकाठचा असला तरी मे महिन्यात बोअर किती खाली जातो हे तुम्हीच रोज बघता. अशा दिवसांत चमकुरा हिरवा ठेवायचा हट्ट झाडालाही नको असतो. त्याला विसावा घेता येतो, तो घेऊ द्या. फाल्गुन लागला की पानं तोडणं थांबवा आणि पाणी हळूहळू कमी करा. पानं पिवळी पडतील, त्यांच्यातलं सत्त्व गड्ड्यात उतरेल. वाळलेली पानं तिथंच आडवी पाडा आणि त्यावर भुसकटाचा थर वाढवा. मग दर पंधरा दिवसांनी एक बादली पुरे, तीही न्हाणीची. गड्डे काढून ठेवायचे असतील तर सावलीत चार दिवस सुकवून कोरड्या वाळूत किंवा राखेत, मडक्यात ठेवा. घरात आजारी-म्हातारं माणूस असेल आणि उन्हाळ्यातही दोन पानं हवी असतील, तर न्हाणीच्या दारात गळक्या बादलीत एक झाड ठेवा. अख्खा बोळ भिजवायची गरज नाही.

प्रश्न : आमची जमीन मुरमाड आहे. घरामागं मोठ्या कडुलिंबाची गार सावली आहे. तिथं अळू लावला तर सकाळी घातलेलं पाणी दुपारी दिसत नाही. सावली असून असं का?
एक वाचक, ता. पाटोदा, जि. बीड

उत्तर : दादा, मी अंबाजोगाईत राहते, माझीही बाग बालाघाटाच्या मुरमावरच आहे, त्यामुळं तुमचा प्रश्न मला रोजचा आहे. भिंतीची सावली आणि झाडाची सावली यांत मोठा फरक असतो. भिंत पाणी पीत नाही. लिंबाची मुळं तुमच्या वाफ्याखालून चौफेर पसरलेली आहेत आणि तुम्ही घातलेल्या पाण्यावर पहिला हात त्यांचा. अळू तिथं कायम उपाशीच राहणार.

लिंबाच्या विस्ताराबाहेर, घराच्या पूर्वेला जागा बघा. तिथं दोन फूट खोल खड्डा घ्या, तळाशी खताच्या रिकाम्या पोत्याचं प्लास्टिक अंथरा आणि त्याला सुतळी-सुईनं बोटाबोटावर भोकं पाडा. पाणी अडलं पाहिजे आणि जास्तीचं हळूहळू गेलंही पाहिजे. त्यावर नारळाच्या शेंड्या किंवा उसाचं पाचट, मग तळ्यातला काळा गाळ आणि शेणखत निम्मं-निम्मं. आपल्या भागात उन्हाळ्यात तलावातला गाळ काढतात, एक ट्रॉली मागवली तर सगळ्या बागेचं काम होतं. मधोमध कच्च्या भाजणीचं मडकं तोंडापर्यंत पुरा, भरून ठेवा आणि वर झाकण घाला. मडकं पाझरत राहतं आणि अळूची मुळं त्याच्याभोवती जाळं धरतात. माझ्याकडं मुरमात अळू टिकला तो याच मडक्यावर. केळीचं बेट असेल तर त्याच्या पूर्वेला लावा, दोघांची तहान सारखी आहे आणि केळीची सावली हलती असते. शेवग्याखालीही चालतो.

प्रश्न : आमच्याकडं पाऊस चांगला असतो, अळू माजतो. पण श्रावणात पानांवर तपकिरी गोल डाग पडतात, वाढत जातात आणि आठवडाभरात पान लोंबतं. औषध सांगा.
एक वाचक, किनवट, जि. नांदेड

उत्तर : हा करपा. फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळं होतो, बटाट्याच्या करप्याचा तो सख्खा भाऊ. डागात वर्तुळं दिसतात आणि सकाळी ओल्या हवेत डागावर पिवळट थेंब येतात, त्यावरून ओळखा. हलक्यात घेऊ नका. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर १९९३ मध्ये हा रोग शिरला आणि तिथल्या लोकांचं रोजचं अन्न असलेलं अळवाचं पीक थोड्या महिन्यांत जवळजवळ बसलं.

घरच्या चार झाडांवर औषध फवारू नका, पान आपण खातो. आणि वर सांगितलंच आहे, या पानावर औषध ठरत नाही. डाग दिसलेलं पान त्याच दिवशी देठासकट कापून बागेबाहेर न्या आणि पुरा, खताच्या ढिगात टाकू नका. गर्दी झाली असेल तर मधली झाडं काढून अंतर अडीच फुटांवर न्या, म्हणजे वारा खेळेल आणि पानं लवकर सुकतील. पाणी द्यायची वेळ आली तर बुडाशीच द्या. गड्डे कधीही रोगट झाडाचे ठेवू नका. किनवटच्या पावसात रोग पूर्ण जाणार नाही, पण निम्मी पानं हाती लागतील.

पानाखाली बारीक काळा-हिरवा मावा असेल तर तो बोटानं पुसून काढावा. डाग नाहीत आणि पानाला चाळणीसारखी भोकं पडताहेत असं असेल तर रात्री बॅटरी घेऊन बघा, अळ्या सापडतील. वेचून काढा.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथल्या एका बागेत माणसापेक्षा मोठ्या पानांचं झाड तिनं दाखवलं, नाव गनेरा. पाणथळ सावलीत वाढतं म्हणे. इथं छत्रपती संभाजीनगरला रोपवाटिकेत विचारलं तर 'एलिफंट इअर' म्हणून एक कुंडी दिली. हे तेच का? आणि याच्या पानांच्या वड्या होतील का?
एक वाचक भगिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते : नाही, करू नका. एलिफंट इअर या नावाखाली अळूच्या कुळातली कितीतरी शोभेची झाडं विकतात आणि त्यातली बरीच खाण्याची नसतात. अळूच्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, तेच घशाला टोचतात. खायच्या अळूतही ते असतात, म्हणून आपण चिंच किंवा आंबट ताक घालतो आणि भरपूर शिजवतो. शोभेच्या झाडांत ते इतके असू शकतात की ओठ-जीभ सुजते, लहान लेकराला तर दवाखान्यात न्यावं लागतं. साधारण ओळख अशी की खायच्या अळूचा देठ पानाच्या खाचेत न जुळता खाचेपासून थोडा आत, पानाच्या पाठीवर जुळतो आणि पान खाली झुकतं. शोभेच्या बऱ्याच मोठ्या जातींत देठ खाचेतच जुळतो आणि पान आभाळाकडं टोक करून उभं राहतं. पण अपवाद दोन्हीकडं आहेत. जे झाड कुणाच्या तरी घरी वर्षानुवर्षं खाल्लं जातंय, त्याचाच गड्डा स्वयंपाकासाठी लावा. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी तर घरच्या अळूच्या वड्याही बेतानंच खाव्यात.

आता गनेरा. ते वेगळ्याच कुळातलं झाड आहे. मोठ्या पानांचा गनेरा मूळचा दक्षिण ब्राझीलच्या डोंगराळ, थंड, ओल्या भागातला. पान दोन मीटरच्याही वर जातं, खालून आणि देठावर काटे असतात. देठांच्या बुडाशी नॉस्टॉक नावाचे निळे-हिरवे जिवाणू राहतात आणि झाडाला हवेतला नत्र मिळवून देतात, म्हणून भिकार ओल्या मातीतही ते इतकं फोफावतं. इंग्लंडमध्ये ते इतकं फोफावलं की आता तिथं त्याची विक्री बंद आहे. चिलीतला गनेरा आधीच बंदीत होता, आणि २०२३ मध्ये अभ्यासातून दिसलं की ब्राझीलचा म्हणून बागांत लावलेली बहुतेक झाडं या दोन्हींचा संकर आहेत, म्हणून बंदी त्यांनाही लागली. तेव्हा मुलीला बी किंवा रोप पाठवायला सांगू नका. परदेशातून रोपं-बी असं परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि आणलं तरी आपल्या एप्रिलमध्ये ते आठवडाही काढणार नाही. त्याला मुळाशी ओल तर हवीच, पण हवाही गार लागते, आणि ती आपण कुठून देणार?

मोठ्या पानांची हौस मात्र सोडू नका. तुमच्या पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या अंगणात मागं केळ, तिच्या पुढं काळ्या देठाचा चमकुरा, कडेला हळद आणि एका कोपऱ्यात सोनटक्का लावा. सोनटक्क्याला ओल आणि अर्धी सावलीच आवडते, पावसाळा सरता सरता त्याची पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी अंगणभर वास सुटतो. हळद आणि चमकुरा मार्चमध्ये विसाव्याला जातील, तेव्हा गंगाखेडच्या ताईंना सांगितलं तसंच पानं आडवी पाडून झाका. गनेरावाले तिकडं हिवाळ्यात हेच करतात, त्याचीच पानं मोडून कोंबावर उलटी घालतात, फक्त त्यांना गारठ्याची भीती असते आणि आपल्याला उन्हाची. घेतलेली कुंडी फेकू नका, ती व्हरांड्यात सावलीला शोभेसाठी राहू द्या. लेकरांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच ठेवा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मुळीच नको, घाईत कुणीतरी पान तोडून नेईल.